सुंदराबाईला चावलेली कातीण

दुसऱ्याचं घर झाडून पोट भरणारी माणसं पुष्कळ असतात. मी दुसऱ्याचं घर घाण करून पोट भरलं. दिवाळीच्या तोंडावर सगळं गाव काठीला फडकं बांधून जळमटं काढत असताना ती लावण्याच्या धंद्यावर मी चार पानं लिहावीत असं या अंकाच्या संपादकांना वाटलं, म्हणजे त्यांना यंदा विषय कमी पडले असणार.

कोल्हापुरात शूटिंगमध्ये काम करतो म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "मग हिरॉईन बघितलीसा की न्हाय?" बघितल्या की. पण माझं काम हिरॉईन यायच्या आधी संपायचं. मी आर्ट डिपार्टमेंटचा माणूस. काल उभी केलेली प्लायवूडची भिंत आज जुनीपुराणी दिसली पाहिजे. त्यासाठी चहाचं पाणी मारून ओल दाखवायची, चुलीची राख फासायची, रंगाचे पोपडे काढायचे आणि कोपऱ्याकोपऱ्यात जळमटं लावायची. या शेवटच्या कामात माझा हात बसला. त्यामुळं पुढं सगळी युनिटं मला जाळीमामा म्हणू लागली आणि माझं खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं.

जळमट करायला अवघड नाही. सायकलच्या पंक्चरला लावतात तसलं रबराचं सोल्युशन घ्यायचं, छोट्या डब्यात घालून मोटरवर गरागरा फिरवायचं आणि पुढं पंखा लावायचा. रबराचे तंतू उडतात आणि कंदिलाला, खुर्चीला, भिंतीवरच्या फोटोला जाऊन चिकटतात. वरून टाल्कम पावडर फुंकली की झालं. तासाभरात नवाकोरा दिवाणखाना भूतबंगला होतो. हे घरातल्या जळमटाचं झालं. पण बागेत दिसतं ते गाडीच्या चाकासारखं गोल, आऱ्या आऱ्यांचं जाळं? तिथं यंत्र हात टेकतं. शिवणाच्या दोऱ्याला ग्लिसरीन लावून मी ते करून बघितलं, तर लांबून ठीक, कॅमेरा जवळ आला की बाजेची वीण दिसायची. शेवटी म्हटलं, जिचं काम तिलाच सांगावं.

आमच्याकडं कोळ्याला कातीण म्हणतात. चाकाचं जाळं विणणाऱ्या कातिणी पावसाळ्याच्या शेवटी गडमुडशिंगीकडच्या उसाच्या बांधांवर, मेंदीच्या कुंपणावर हव्या तितक्या मिळतात. पिवळ्या-चंदेरी पट्ट्यांची ती मोठी दिसते ती मादी. जाळ्याच्या मधोमध खाली डोकं करून, पाय दोन दोन जोडून फुलीसारखी बसते. तिचा नवरा इतका बारीक, की बघणाऱ्याला ते तिचं पोर वाटावं. मी लाकडाची चौकट करायचो, फोटोफ्रेमची असते तशी, पण हातभर लांबीरुंदीची. त्यात कातीण सोडायची आणि आडोशाला टांगून ठेवायची. सकाळी चौकटीत जाळं तयार. चौकट उचलायची आणि सेटवर न्यायची. कुठल्याही नटापेक्षा वेळेची पक्की, आणि जेवणाची कटकट नाही. दोन माश्या दिल्या की बाई खूश.

आता ज्या प्रश्नानं माझा जन्मभर पिच्छा पुरवला त्याचं उत्तर देऊन टाकतो. चावते काय? चावते. मुद्दाम येऊन चावत नाही. जाळ्याला धक्का लागला तर ती आधी जाळं हलवते, मग दोर सोडून खाली पडते आणि पळते. तुम्ही तिला चिमटीत धरली, कपड्यात दाबली, तर मात्र चावते, आणि त्यात तिची काही चूक नाही. मला किती वेळा चावली सांगता यायचं नाही. मुंगळा चावल्यासारखं चुरचुरतं, फार तर मधमाशीइतकं. लाल होतं, थोडं सुजतं आणि तासा-दोन तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जातं. साबणाच्या पाण्यानं धुवायचं, बर्फ लावायचा. एखाद्याला मधमाशीनंसुद्धा धाप लागते, ओठ सुजतात, तसं कुणाला झालं तर तडक दवाखाना गाठायचा, तिथं शहाणपणा नको. कोळ्यांच्या काही जाती खरंच त्रास देतात, पण त्या हे असलं चाकाचं जाळं विणत नाहीत. सकाळी उठल्यावर अंगावर फोड दिसले की आपल्याकडं 'कातीण मुतली' म्हणतात. ते काम बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी किड्याचं किंवा नागिणीच्या आजाराचं असतं. समोर दिसते ती कातीण, म्हणून नाव तिचं.

हे सगळं मी गिऱ्हाइकांना सांगायचो आणि गिऱ्हाइकं आपलं तेच खरं करायची. एका तालमीच्या मंडळानं गणपतीत गुहेचा देखावा केला होता. कार्यकर्ते मला बोलवायला आले आणि म्हणाले, "पावणं, जाळं जित्तं पायजे. रबराचं शेजारच्या मंडळानं गेल्या साली केलतं." मी चार चौकटी लावून दिल्या. आरतीच्या वेळी डॉल्बीच्या दणक्यानं चारही कातिणी दोर सोडून खाली उतरल्या आणि अध्यक्षांच्या फेट्यावर बसल्या. हा गडी लाल मातीत लोळलेला, मानेची घडी बघून माणूस वाट सोडेल असा. तो खुर्चीवर चढून ओरडत होता, "आरं काडा की! काडा की कुणीतरी!" दुसरा एक हिरो. पडद्यावर तलवारीनं पंधरा जणांना लोळवणारा. त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मामा, ही शाकाहारी आहे ना?"

पण मला सांगायचं आहे ते शालनआक्कांचं.

शालनआक्का गडमुडशिंगीच्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर शूटिंगच्या गर्दीत उभ्या राहू लागल्या. वडील भीमजलशात गाणारे, त्यामुळं आवाज खणखणीत आणि स्टेजची भीती मुळात नाही. पण गर्दीतल्या माणसाला आवाज लागत नाही. कुणाच्याही लग्नात अक्षता टाकायच्या, कुणाच्याही मयताला पदर तोंडाला लावायचा, बाजाराच्या सीनला मोकळी पिशवी घेऊन इकडून तिकडं जायचं. मी एकदा विचारलं, "आक्का, कटाळा येत न्हाय?" तर म्हणाल्या, "मामा, येकदा तरी नाव असलेली बाई करायची हाय मला. नुसती म्हातारी नगं. नाव पायजे."

ते नाव त्यांना मिळालं. गारगोटीच्या वाटेवर एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत एका सिरीयलचं शूटिंग चाललं होतं. खानदानी घराणं, भाऊबंदकी आणि कोठाराच्या माळ्यावर दडवलेली पेटी, अशी गोष्ट. कोठाराची किल्ली सांभाळणारी म्हातारी हवी होती. आक्का नेहमीप्रमाणं गर्दीत उभ्या होत्या. मुंबईहून आलेल्या तरुण दिग्दर्शकानं त्यांचा चेहरा बघितला आणि किल्ल्यांचा जुडगा हातात दिला. पहिल्या दिवशी एक वाक्य, आठवड्याभरात चार, मग एक अख्खा सीन. पात्राचं नाव सुंदराबाई. स्क्रिप्टचा कागद हातात आला तेव्हा आक्कांनी त्या नावावरून बोट फिरवलेलं मी बघितलं. मला त्यांचा हेवा वाटला आणि आनंदही झाला. गावाकडं बायका त्यांना सुंदराबाई म्हणून हाक मारू लागल्या होत्या आणि आक्का मुद्दाम दुसऱ्या हाकेला ओ द्यायच्या.

सीन असा होता. सुंदराबाई माळ्यावर चढते, जाळ्यामागची पेटी बघते आणि म्हणते, "ज्याची हाय त्यालाच दीन." दिग्दर्शकाला जाळं खरं हवं होतं आणि त्यात कातीण हवी होती. मी चौकट लावली. आक्कांना नीट सांगितलं, हात जाळ्यापर्यंत न्या, पुढं कट होणार आहे. रिहर्सल तशीच झाली. पण प्रत्यक्ष टेकच्या वेळी आक्कांच्या अंगात सुंदराबाई शिरली. पेटी मागं आहे आणि जाळं आडवं आलंय म्हटल्यावर कुठलीही बाई करील तेच त्यांनी केलं. सरळ हात घातला. कातीण दोरावरून त्यांच्या मनगटावर आली आणि काकणांखाली गेली. पेटी उचलताना काकणं मनगटावर दाबली गेली. आक्कांच्या डोळ्याची पापणी एकदा हलली, एवढंच. वाक्य पुरं केलं, पेटी उराशी धरली आणि शिडीच्या पायऱ्या उतरल्या. दिग्दर्शक आनंदानं ओरडला, "कट! ओके!"

मग आक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मामा, तुमची बाई चावली बगा."

काकणं वर सारून मी कातीण अलगद काढली. मनगटावर तुरीच्या डाळीएवढी लाल गाठ. युनिटसाठी बोलावलेले डॉक्टर जवळच होते. त्यांनी हात धुवायला लावला, बर्फ दिला, धाप लागतेय का, चक्कर येतेय का विचारलं आणि आक्कांना शेजारी खुर्चीवर बसवून ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "काही नाही हो. मधमाशीनं यापेक्षा जास्त केलं असतं." आक्का उठल्या आणि त्याच हातानं पेटी उघडण्याचा क्लोजअप देऊन आल्या.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण आमच्या धंद्यात कंटिन्युइटी नावाचा एक प्रकार असतो. सीन आज अर्धा आणि उद्या अर्धा होतो, पण बघणाऱ्याला तो सलग दिसतो. म्हणून आज कपाळावर घाम असेल तर उद्याही तिथंच घाम लागतो. हे बघायला एक मुलगी नेमलेली असते आणि ती सगळ्याचे फोटो काढून ठेवते. दुसऱ्या दिवशी तिनं आक्कांचा हात बघितला आणि फोटो बघितला. क्लोजअपमध्ये मनगटावर लाल गाठ आहे, आज हात स्वच्छ. गाठ बरी झाली होती आणि तीच अडचण झाली. ती म्हणाली, "सर, गाठ जंप होतेय. पाहिजेच."

मग मेकअपवाल्यानं गाठ केली. मेकअपचा डिंक, वर मेण, वर लाल रंग. इतकी हुबेहूब, की मलाच संशय आला. पत्र्याखालच्या उकाड्यात ती गाठ आक्कांच्या हातावर दिवसभर राहिली. आक्का मधून मधून खाजवायला बघत आणि ती मुलगी ओरडायची, "आजी, हात नका लावू!" पॅकअपला डिंक काढताना सालटं निघालं. पुढच्या सकाळी आक्का आल्या तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत फोड उठले होते आणि त्यातून पाणी वाहत होतं.

डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, डिंकाची ॲलर्जी. मलम आणि गोळ्या दिल्या. मेकअपवाला पांढराफटक पडला. तो माणूस वाईट नव्हता, त्यानं स्वतः जाऊन मलम आणून दिलं. पण तोवर कुणीतरी हाताचा फोटो काढला होता. दुपारपर्यंत तो जिल्ह्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला, खाली लिहिलेलं, 'सेटवर विषारी कोळ्याचा हल्ला.' गिरणीच्या मालकाचा फोन आला. थोरल्या सुनेचं काम करणारी नटी गाडीतून उतरेना. संध्याकाळी औषध मारणारी माणसं तोंडाला फडकी बांधून आली आणि आडोशाला टांगलेल्या माझ्या सगळ्या चौकटी त्यांनी धुऊन काढल्या. जाळी खाली आली. कातिणी जमिनीवर पाय आखडून पडल्या होत्या. मला राग आला, पण कुणावर काढावा हे कळेना. ती माणसं सांगितलेलं काम करत होती.

शेवटी मी कुंपणावरून एक नवी कातीण आणली. सकाळी सगळं युनिट पोहे खात होतं. त्यांच्यासमोर मी बाही वर केली, कातीण दंडावर ठेवली आणि वरून बोटानं दाबली. चावली. मी म्हटलं, "बगा आता, उद्याच्याला काय हुतंय ते." नटीनं पोह्यांची बशी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मी तोच दंड घेऊन दिग्दर्शकाकडं गेलो. दंडावर काही नव्हतं, टिपकासुद्धा नाही.

दिग्दर्शकानं दंड नीट बघितला. चांगला मुलगा होता, मला कधी अरेतुरे केलं नाही. म्हणाला, "मामा, मला माहितीये. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण आजींचा हात बरा व्हायला पंधरा दिवस तरी लागतील, तोवर गोष्ट थांबत नाही. आणि लेखकानं ती बातमी बघितली. त्यानं रात्रीत सीन लिहून पाठवलाय. सुंदराबाईला विषारी कोळी चावतो. गुपित सांगता सांगता तिची वाचा जाते आणि ती मरते. मामा, खरं सांगू? सीन फार चांगला झालाय."

कागद त्यानं मला वाचायला दिला. सीन खरोखर चांगला होता.

मरणाच्या सीनसाठी जाळं मीच लावलं. कातीण मात्र माझी चालली नाही. कॅमेऱ्यातून बघून दिग्दर्शक म्हणाला, ही फार नाजूक वाटते, हिनं माणूस मरेल असं वाटत नाही. मग मुंबईहून रबराचा केसाळ कोळी आला, बशीएवढा. असला प्राणी गोल जाळ्यात बसत नाही, मी सांगून बघितलं. मग त्याला तारेनं बसवला.

आक्कांनी जीव ओतला. हाताचे फोड खरे होते, त्यावर मेकअप लागला नाही. उशाशी थोरली सून बसलेली आणि सुंदराबाईची जीभ जड होत चाललेली. किल्ल्यांचा जुडगा वर उचलतात, कुणाला तरी द्यायला बघतात आणि हात तसाच खाली येतो. लाइटवाली पोरं डोळे पुसत होती. कट म्हटल्यावर सगळ्या युनिटनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं सेटवर काढली, गर्दीतल्या माणसासाठी टाळ्या वाजलेल्या मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्या.

भाग लागला आणि माझा फोन वाजायचा थांबेना. बिद्रीकडच्या एकानं विचारलं, उसात कोळी दिसतायत, पेटवून देऊ काय? एका शाळेच्या मुख्याध्यापिकेनं विचारलं, बागेत मुलांना सोडावं का? मी प्रत्येकाला वर लिहिलं तेच सांगितलं. ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमचं बरोबर हाय वो मामा, पन ती सुंदराबाई मेली की." टीव्हीत माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मेलेला असतो.

महिन्याभरानं मी आक्कांच्या घरी गेलो. हात बरा झाला होता, कोपराजवळ थोडा डाग राहिला होता. वाटलं होतं, एवढा सीन गाजलाय म्हटल्यावर दुसरीकडून बोलावणी आली असतील. पण बोलावणं एकही नव्हतं. उलट गर्दीची माणसं पुरवणारा कोऑर्डिनेटर फोन उचलायचा बंद झाला होता. त्यालाही दोष देता येत नाही. गर्दीला बिनओळखीचं तोंड लागतं. सगळ्या महाराष्ट्रानं रडत रडत पोचवलेली बाई दुसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी लग्नात अक्षता टाकताना दिसली तर सीनचं हसं होतं. आक्कांना नाव मिळालं, आणि त्या नावानं त्यांची गर्दीतली जागाही नेली.

आम्ही अंगणात चहा पीत बसलो होतो. दारातल्या जास्वंदीवर एक मोठं चाकाचं जाळं होतं आणि मधोमध बाई आरामात बसली होती. तेवढ्यात शेजारची सून खराटा घेऊन आली आणि म्हणाली, "आत्ती, अजून ठेवलायसा व्हय ह्यास्नी? ह्यांनीच मारलं की तुमास्नी." आणि तिनं खराटा उगारला.

आक्कांनी बसल्या जागेवरून खराटा धरला. "ऱ्हाऊ दे गं बाई. तिनं काय न्हाय केलं." सून गोंधळून निघून गेली. आक्कांनी खराटा भिंतीला टेकवला. मग मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, एखाद्या गावाची वाट विचारावी तसं.

"कातिणीनं मानूस मरत न्हाय, ह्ये तुमाला म्हाईत हाय. डॉक्टरला म्हाईत हाय. त्या डायरेक्टरला बी म्हाईत हाय. मग मामा, मी मेले कशानं?"